नंतर सांगतो

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. आम्ही एका घरात वाढलो, एका पांघरुणात झोपलो, आणि माझ्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मला त्याच्याशी धड बोलता येत नव्हतं. तेव्हा कोणी तसं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. "आमचं चालतं की खुणांवर," असं मी सगळ्यांना सांगायचो. ते किती चालतं, हे 2021च्या दिवाळीत कळलं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यावर तशी पाळी येऊ नये, म्हणून लिहितोय.

आमचं गाव वाई तालुक्यात. धाकटा 1968चा. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आजी म्हणाली, मुलगे उशिरा बोलतात. मग कोणीतरी त्याच्या पाठीमागं ताट वाजवून बघितलं. तो वळला. झालं, कान चांगले आहेत असं ठरलं. आम्ही माडीवर राहायचो, खाली लाकडी फळ्या. ताट आपटलं की हादरा तळपायाला कळतो. शिवाय समोर बसलेले सगळे तिकडं बघतात. म्हणून तो वळला होता. त्या एका ताटापायी तीन वर्षं गेली. देवऋषी झाले. जीभ चिकटली असेल म्हणून जिभेखाली कापूनही झालं. पाचव्या वर्षी पुण्याला नेऊन कान तपासले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आता जन्मलेल्या बाळाचे कान दोन-चार दिवसांत तपासता येतात, बाळ झोपलेलं असताना बेरा चाचणी होते. ताट वाजवत बसू नका.

मग त्याला निवासी शाळेत घातलं. शाळा तोंडी पद्धतीची. म्हणजे मुलांनी ओठ बघायचे आणि तोंडानं बोलायचं. 'प' शिकवताना बाई तोंडासमोर कागदाची पट्टी धरायच्या. पट्टी हलली की 'प' आला. 'ग' शिकवताना मुलाचा हात स्वतःच्या गळ्याला लावायच्या. मी एकदा बाबांबरोबर भेटायला गेलो, तर धाकटा आरशासमोर बसून पट्टी हलवत होता. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला केवढं कौतुक. बारा वर्षांत तो आई, दादा, पाणी आणि स्वतःचं नाव एवढं बोलायला शिकला, तेही फक्त आम्हालाच कळायचं.

हातानं बोलायला शाळेत बंदी होती. हात हलले की रूळ बसायचा. मुलं दिवसा पट्टी हलवायची आणि रात्री वसतिगृहाच्या संडासातल्या बल्बखाली उभी राहून हातांनी गप्पा मारायची. मोठ्यांनी लहानांना शिकवलं. धाकट्याला भाषा तिथं मिळाली, वर्गात नाही. शिक्षकांना तरी काय बोलणार? 1880 साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली होती. हातांची भाषा शाळांतून काढून टाकायची, असा ठराव तिथं झाला. तो ठराव आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचला आणि शंभर वर्षं टिकला. हे मला फार उशिरा कळलं.

ओठ वाचून सगळं कळतं, असं घरच्यांना वाटत असतं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'मामा', 'बाबा', 'पापा' असं म्हणून बघा. ओठ तेच. 'काका' म्हणा, ओठांवर काही दिसतच नाही. एकदा सुट्टीत आई म्हणाली, "मामा आले." धाकटा बाबा आले समजून जिना उतरून धावला. दारात मामा बघून त्याचं तोंड उतरलं. आम्ही सगळे हसलो. का हसताय, म्हणून तो प्रत्येकाला विचारत राहिला. मी पंजा खाली दाबून खूण केली. थांब, नंतर सांगतो.

ही आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरलेली खूण. जेवताना गप्पा रंगायच्या, तो मध्येच ताटावरून हात उचलून विचारायचा, काय झालं? नंतर सांगतो. पाहुणे भांडून जायचे. नंतर सांगतो. मी एकदाही नंतर सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी एसटीत कंडक्टर लागलो. एकदा गाडीत एक मुलगा पैसे पुढं करून बोटांनी काही दाखवत होता. गर्दी होती, मी वैतागलो होतो. म्हणालो, "मुका आहेस का?" तो होता. माझ्या घरात तसाच भाऊ असताना मी हे बोललो. ते अजून विसरलो नाही.

धाकटा बुक बायंडिंग शिकला आणि डोंबिवलीला एका छापखान्यात लागला. 1996ला त्यानं वसतिगृहातल्या ओळखीतून एका कर्णबधिर मुलीशी लग्न ठरवलं. बाबांना ते पसंत नव्हतं. दोघंही बहिरी, मुलंबाळं कशी होतील, हेच एक त्यांच्या डोक्यात. लग्नाला आले, पण बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी बाबा गेले. धाकट्याला तार गेली, तो आला तेव्हा सगळी तयारी झालेली. 1999ला त्याला मुलगी झाली. तिला उत्तम ऐकू येतं. ते बघायला बाबा नव्हते.

आता 2021. जूनमध्ये मी रिटायर झालो आणि साताऱ्यात राहत होतो. धाकटा दिवाळीला आमच्याकडं आला. एसटीच्या संपाचे दिवस, गाड्यांचा भरवसा नाही, म्हणून तो खासगी गाडीनं आला. बायको आणि मुलगी दोन दिवसांनी यायच्या होत्या. येताना त्याच्या घोट्याजवळ पत्र्याचं खरचटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला, सुजला, अंगात ताप. मी त्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले सेल्युलायटिस आहे, दाखल करा, इंजेक्शनं द्यावी लागतील.

मास्कचे दिवस होते. डॉक्टर, नर्स, मी, सगळ्यांची तोंडं झाकलेली. धाकट्याला जे थोडंफार ओठांवरून कळायचं तेही बंद. डॉक्टर माझ्याकडं बघून विचारायचे, "यांना काय होतंय?" मी सांगायचो. "शुगर, बीपी?" मी म्हणालो, नाही. "कसली ॲलर्जी?" मी म्हणालो, नाही.

मी त्याला विचारलंच नव्हतं. त्याचं वय त्रेपन्न, आणि त्याच्या औषधांची उत्तरं मी देत होतो.

नर्सनं त्याच्या उजव्या हाताला सलाइन लावलं. मग ट्रेमध्ये इंजेक्शनच्या बाटल्या घेऊन आली. धाकट्यानं बाटलीवरचं लेबल वाचलं. त्यानं डाव्या हातानं बाटलीकडं बोट केलं, मग करंगळी वर केली, मग दंड खाजवला आणि मान हलवली. मी म्हणालो, "हो हो, नेतो." करंगळी म्हणजे काय, हे आपण सगळे पहिलीपासून शिकलोय. मी सलाइनची बाटली हातात धरून त्याला बाथरूमला घेऊन गेलो. तो दारात नुसता उभा राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं लाजतोय. मी तोंड फिरवून उभा राहिलो. म्हणजे तेवढा वेळ त्याला काही सांगायचं असतं, तरी मी बघत नव्हतो.

परत खाटेवर आलो. नर्सनं सिरिंज भरली. त्यानं हात ओढला, पुन्हा करंगळी, पुन्हा खाजवणं. मी नर्सला म्हणालो, "घाबरतो तो सुईला. ब्लँकेट पण टोचतंय बहुतेक." आणि मी त्याचा हात धरून ठेवला, लहान मुलाचा धरतात तसा. एका हाताला सलाइन, दुसरा माझ्या मुठीत. इंजेक्शन गेलं.

दहा मिनिटांत अंगावर गांध्या उठल्या. ओठ सुजले, श्वास लागला. नर्स धावत डॉक्टरांना घेऊन आली. पुढचं मला नीट आठवत नाही. त्याला आयसीयूत नेलं, मला बाहेर काढलं. डॉक्टरांनी वेळेवर सावरलं म्हणून तो वाचला. मी तेव्हा दवाखान्यावर खूप चिडलो होतो. आधी टोचून बघितलं का नाही, वगैरे. पण ॲलर्जी नाही, असं सांगणारा मी होतो.

पुतणी रात्री अकराला पोचली. आत गेल्या गेल्या तिनं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर नर्सला विनंती करून सलाइन उजव्या हातावरून डाव्या हातावर घ्यायला लावलं. "ते उजव्या हातानं बोलतात," ती म्हणाली. नर्सला ते लगेच पटलं. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मग ती आणि धाकटा बराच वेळ बोलले. ती बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली.

"मोठे काका, मागं दाढ काढली तेव्हा याच औषधाच्या गोळ्यांनी त्यांच्या अंगावर असंच उठलं होतं. डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिलं होतं, ते त्यांना पाठ आहे. त्यांनी बाटलीवर वाचलं. तुम्हाला सांगत होते."

मी म्हणालो, त्यानं करंगळी दाखवली.

"करंगळी म्हणजे वाईट. अंगठा चांगलं, करंगळी वाईट. हे औषध वाईट, अंगाला खाज येते, नको. इतकं सरळ सांगितलं त्यांनी."

मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि तुम्ही हात धरलात. हात धरणं म्हणजे तोंड दाबणं असतं, काका." रागानं नव्हे, साध्या आवाजात. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री तिनं बरंच सांगितलं. सहा वर्षांची असल्यापासून ती आईबापांची दुभाषी. बँक, रेशन, शाळा, घरमालक. दहा वर्षांची असताना तिच्या आईचं गर्भाशय काढायचं ठरलं. डॉक्टर तिला म्हणाले, आईला सांग. गर्भाशय म्हणजे काय हे तिलाच माहीत नव्हतं. तिनं आईला सांगितलं, पोटातलं काहीतरी काढणार आहेत. आईला वाटलं, खडा. शुद्धीवर आल्यावर कळलं. ऐकू येणारं मूल घरात असलं की सगळे निर्धास्त होतात, मीही झालो होतो. दवाखान्यात, कोर्टात, पैशाच्या व्यवहारात मुलांना मध्ये उभं करू नका. मोठं, शिकलेलं, घराबाहेरचं माणूस बघा.

धाकटा पाचव्या दिवशी घरी आला. भाऊबीज होऊन गेली होती. एक दिवस मी आणि पुतणी वही घेऊन बसलो आणि आमच्या घरातल्या खुणा मोजल्या. जेव, ये, जा, थांब, झोप, अंघोळ, पैसे, गप्प, कुंकू म्हणजे आई, टोपी म्हणजे बाबा. बेचाळीस भरल्या. मी यादी बघत होतो. माणसांची नावं आणि चार वस्तू सोडल्या तर जवळजवळ सगळे हुकूम. 'का' अशी खूण नव्हती. 'तुला काय वाटतं' अशी तर नव्हतीच.

जानेवारीत मी भारतीय सांकेतिक भाषेच्या वर्गात नाव घातलं. ऑनलाइन, आठवड्यातून दोनदा, रात्री आठ ते नऊ. शिक्षक स्वतः कर्णबधिर. पहिल्या दिवशी मी म्यूट काढून मोठ्यानं "नमस्कार सर" म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून हसली. वर्गात आवाज पूर्ण बंद ठेवायचा, तोंड पुटपुटायचं नाही, हा नियम. पहिले चार तास मला काही कळलं नाही. अनोळखी भाषेच्या गर्दीत बसल्यासारखं व्हायचं. सगळे हसायचे, मी मागून हसायचो. धाकटा आमच्या पंगतीत असाच मागून हसायचा.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी अंगठा दाखवला, चांगलं. मग करंगळी दाखवली. मी थोडा वेळ कॅमेरा बंद केला.

माझी सगळ्यात मोठी चूक अशी की मी मराठी वाक्य मनात धरून एकेका शब्दाची खूण करायचो. 'मी बँकेत जातो' यातल्या 'त'चं काय करायचं, असं मी लिहून विचारलं. सरांनी हवेत एका जागी बँक ठेवली आणि बोटानं तिकडं चालत गेले. झालं, 'त' आला. 'मी तुला देतो' आणि 'तू मला दे' याला खूण एकच, हात कुणाकडून कुणाकडं जातो ते बदलतं. विभक्ती सगळी दिशेत. प्रश्नचिन्ह चेहऱ्यावर. माझा चेहरा तीस वर्षं तिकिटं फाडून दगड झालेला. सर मला रोज भुवयांचा व्यायाम द्यायचे. सांध्यांनी बोटं वळत नव्हती ती वेगळीच.

इथं मला धाकट्याच्या मेसेजचं कोडं सुटलं. तो लिहितो, 'दादा मी उद्या गाडी येणे पाच वाजता स्टँड तू ये.' आम्ही म्हणायचो, बारा वर्षं शाळेत घालून मराठी आली नाही. खरं म्हणजे त्याची भाषा हातांची, आणि मराठी त्याला कधी कुणी हातांच्या भाषेतून शिकवलीच नाही. कानावर न पडलेल्या भाषेचे प्रत्यय कुठून येणार? म्हणून 'लिहून दाखवलं की काम झालं' असं समजू नका. लिहा, पण लहान वाक्य लिहा, आणि त्याला काय कळलं ते त्याच्याकडून परत घ्या. नुसती मान हलली म्हणजे कळलं असं नाही. मान हलवायची सवय त्यांना आपणच लावलेली असते.

शिकायला काही अडत नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र 2015 साली दिल्लीत निघालं. त्यांचा कोश 2018ला तीन हजार शब्दांचा होता, 2021ला दहा हजारांचा झाला. प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ मोबाइलवर फुकट बघता येतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथंही दुभाषी तयार होतात. फक्त एक, व्हिडिओतली प्रत्येक खूण तुमच्या माणसाची असेलच असं नाही. मी मोठ्या तयारीनं धाकट्याला काही शब्द करून दाखवले, तर तो हसून म्हणाला, हे दिल्लीचं, आमच्याकडं असं, आणि वेगळंच करून दाखवलं. मराठीत तरी सातारा आणि रत्नागिरी कुठं एक बोलतात? त्याच्या खुणा आधी शिका, कोश नंतर.

एप्रिलमध्ये मी डोंबिवलीला गेलो. धाकटा मला संध्याकाळी स्टेशनवर घेऊन गेला. लोकलचा अपंगांचा डबा जिथं थांबतो, तिथं प्लॅटफॉर्मवर त्याचे दोस्त उभे असतात. कोणी कुर्ल्याहून येतो, कोणी कल्याणला जायचा असतो. गाड्या येतात, जातात, हे उभेच. फोन करता येत नव्हते त्या काळापासूनचा हा कट्टा आहे. गाडीच्या आवाजात आपल्याला शेजारच्याशी ओरडावं लागतं. यांच्या गप्पा या प्लॅटफॉर्मवरून समोरच्या प्लॅटफॉर्मवर आरामात चाललेल्या. (त्या डब्यात चढण्याचा मोह झाला होता, पण मला दंड झाला असता. माजी कंडक्टरला ते शोभलं नसतं.)

धाकट्यानं माझी ओळख करून दिली. आधी भाऊ, मोठा. मग अंगठा आणि बोटं जवळ आणून दोनदा दाबली. सगळ्यांचे चेहरे उजळले. अच्छा, हा तो! मला कळेना. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, तुझं नाव.

कर्णबधिर लोक एकमेकांना खुणेचं नाव देतात. एखादी लकब, तीळ, धंदा, काहीही. माझं नाव म्हणजे कंडक्टरचा पंच. मी नवा नोकरीला लागलो होतो तेव्हा घरी येऊन ऐटीत पंच वाजवायचो. त्याला आवाज नव्हता, हात दिसत होता. तेव्हापासून मी त्यांच्यात पंच. तिकिटांचं मशीन आलं, मी रिटायर झालो, तरी पंचच. तो कट्टा माझ्या मुलांची शिक्षणं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं जाणून होता. धाकट्यानं आमच्या घरातलं इतकं त्यांना सांगितलं होतं. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

त्याच मुक्कामात एका रात्री त्यानं मला विचारलं, बाबा कशानं गेले?

मला वाटलं त्याला माहीत आहे. 1997ला तो आला तेव्हा मीच त्याला छातीवर हात ठेवून दाखवलं होतं. हृदयविकाराचा झटका. पण आमच्या घरात छातीवर हात म्हणजे मनाला लागलं, वाईट वाटलं. आई रुसली की तो तीच खूण करायचा. त्यानं त्याचा अर्थ तोच घेतला. बाबांच्या मनाला लागलं आणि ते गेले. लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालेलं. पंचवीस वर्षं तो हेच धरून बसला होता, आणि त्याच्या बायकोलाही ते ठाऊक होतं.

मला नसा, रक्त, हृदय या खुणा धड येत नव्हत्या. पुतणीला उठवावंसं वाटलं, पण उठवलं नाही. मी कागदावर हृदय काढलं, नळी काढली, नळीत गाठ काढली आणि रक्त पुढं जात नाही असं हातांनी दाखवलं. डॉक्टर काय म्हणाले, आदल्या दिवशी बाबा काय जेवले, कुठं बसले होते, सगळं सांगितलं. बाबा सकाळी तुझ्याकडं डोंबिवलीला यायचं म्हणत होते, हेही सांगितलं. ते खरं होतं. सांगायचं राहून गेलं होतं. दीड तास लागला. मग त्यानं दिवा मालवला. आमच्यात दिवा मालवला की बोलणं संपतं.

आता कामाचं थोडं. धाकट्याच्या पाकिटात युडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, मागं आम्ही एक जाड कागद ठेवलाय, मराठी आणि इंग्रजीत. 'मी कर्णबधिर आहे. माझ्याकडे बघून, मास्क खाली करून बोला. हे औषध मला चालत नाही. या नंबरवर व्हिडिओ कॉल करा.' औषधाचं नाव लाल शाईत. नंबर पुतणीचा नाही, एका शिकलेल्या दुभाष्याचा आहे, त्यांना विचारून घेतलाय. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेची नोंद आहे, तेव्हा दुभाषी मागताना मेहेरबानी मागितल्यासारखं करू नका. दुभाषी असला तरी बोलताना आपल्या माणसाकडं बघून बोला, दुभाष्याकडं नव्हे. 'यांना विचारा' असं म्हणू नका, 'तुम्हाला काय होतंय' असं विचारा. खिडकीकडं पाठ करून उभं राहू नका, तोंड अंधारात जातं. हाक मारायची तर खांद्याला हात लावा किंवा दिवा उघडझाप करा, काही फेकून मारू नका. आम्ही उशी फेकायचो.

2023च्या सप्टेंबरात सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत उभ्या राहिल्या. ती बातमी धाकट्यानं मला पाठवली. खाली फक्त अंगठा होता.

माझी भाषा अजून कच्चीच आहे. बोटांचं स्पेलिंग कोणी भरभर केलं तर मला वाचता येत नाही. विनोद सांगायला गेलो की शेवट आधी सांगून बसतो. परवा एक सांगितला तर त्यानं शांतपणे करंगळी दाखवली. आणि जुनी खोड जात नाही. गेल्या महिन्यात घरच्या लग्नात मांडवात पंधरा माणसं एकदम बोलत होती. आत्याबाईंनी काहीतरी जुनं उकरून काढलं, मोठा हशा झाला. धाकट्यानं मला विचारलं, काय झालं? मी आत्याकडं बघत बघतच पंजा खाली दाबला. थांब, नंतर सांगतो.

त्यानं माझा खांदा दाबून मला वळवलं आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवलं. नंतर म्हणजे किती वाजता?

मी खुर्ची त्याच्याकडं फिरवली आणि सांगायला बसलो. बासुंदी दुसऱ्या पंगतीला घेतली.